जंगम मालमत्ता

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग वकिलांनी पाडले. स्थावरात नेसरीचं घर, परसातली विहीर आणि काजूची अकरा झाडं. जंगम म्हणण्याजोगी एकच वस्तू होती, आणि ती हलत नव्हती.

ती म्हणजे त्यांची फियाट. कागदोपत्री ती १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला १९७४ साली चितोडच्या राणीचं नाव मिळालं खरं, पण ठेवलेल्या नावानं माणसं हाक मारतातच असं नाही. आमच्या आत्याचं लग्नात ठेवलेलं नाव ताटातल्या तांदळापलीकडे कुठे गेलं नाही. ती शेवटपर्यंत आक्काच राहिली. तसंच गाडीचं. घरात ती फियाट, आणि आजूबाजूच्या गावांत ‘डागदरची गाडी’.

अण्णा नेसरीत डॉक्टरकी करायचे. १९८२ साली त्यांनी ही गाडी कोल्हापुरातून जुनी म्हणून घेतली, आणि पुढची चाळीस वर्षं अडकूर, कोवाड, पार चंदगडपर्यंत तिच्यातून व्हिजिटा केल्या. गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली, पुढची सीट बाकासारखी सलग, आणि त्या बाकाची डावी बाजू आईची. आई व्हिजिटला जात नसे. पण बाकी लग्न, बारसं, बारावं, यात्रा, जे काही असेल ते तिनं त्याच जागेवरून पाहिलं.

दर रविवारी अण्णा चारही प्लग काढून ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर मांडायचे. तारेच्या ब्रशनं घासायचे, फटीत पत्ती घालून अंतर मोजायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असायचा तोच पेशंटला “जीभ दाखवा” म्हणताना असायचा. शिवाय रोज सकाळी निघायच्या आधी बॉनेट उघडून ते आत काहीतरी बघायचे आणि धाडकन बंद करायचे. आम्ही भावंडं त्याला काकडआरती म्हणायचो. विचारलं कुणीच नाही. वडिलांच्या सवयींबद्दल चौकशी करायची नाही, त्यांच्या माघारी नकला करायच्या, ही आमच्या पिढीची रीत.

मी पुण्यात बँकेत छत्तीस वर्षं काढली. माझ्या हातांना शिक्का मारणं आणि सही करणं याखेरीज तिसरी कला येत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात अण्णा गेले आणि आई पुण्याला यायला तयार होईना, तेव्हा निवृत्त झालेला मीच सहकुटुंब नेसरीला येऊन राहिलो. शेडमध्ये गाडी होतीच. कर्तव्यदक्ष मुलानं जे करावं ते मी करू लागलो. रोज सकाळी चोक ओढायचा, गाडी चालू करायची, पाच मिनिटं भुरभुर करू द्यायची, चोक आत ढकलायचा आणि बंद करायची. बॅटरी उतरू नये म्हणून. या पाच मिनिटांचा मला फार अभिमान होता. तो कसा उतरला ते पुढे येईलच.

दरम्यान बेळगावचा एक गृहस्थ जुन्या गाड्या घेतो असं कळलं. लग्नाच्या वरातीला, सिनेमाच्या शूटिंगला तो त्या भाड्यानं देतो. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींतली शेवटची ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून म्हणे या गाड्यांबद्दल लोकांना एकाएकी उमाळा आला आहे. (टॅक्सी होत्या तेव्हा हेच लोक एसीची टॅक्सी मिळेपर्यंत हात हलवत उभे असायचे.) त्यानं आकडा सांगितला. तो ऐकून आमची ही लगेच शेडची लांबीरुंदी पावलांनी मोजून आली. मीही मनातून तयारच होतो. आईला विचारलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. इतकंच म्हणाली, “त्याआधी एकदा गडहिंग्लजला डोळे दाखवायला मला तिच्यातनं ने. बहिणीच्या गाडीत नको. तिच्यात बसलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं.”

झालं. डिसेंबर २०२५ मधला मुहूर्त ठरला. आई, मी, ही, बहीण, दाजी, भाचा आणि ‘माझेबी डोळे तेवढे दाखवून आणा’ म्हणत ऐन वेळी आत शिरलेल्या शेजारच्या काकू, असे सात जण निघालो.

नेसरी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २४ फेब्रुवारी १६७४ मुळे. त्या दिवशी सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथल्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ते परतले नाहीत. आम्हीही सातच होतो. फरक एवढाच, की ते पुढे गेले.

गाव सोडून तीन-चार किलोमीटर गाडी झकास गेली. मग पहिल्याच चढाला तिला ठसका लागला. एक, दोन, मग सलग. मागे पाहिलं तर काळा धूर, नाकात पेट्रोलचा वास. चढाच्या मध्यावर तिनं एक शेवटची उचकी दिली आणि ती गप्प झाली. गाडीत क्षणभर शांतता. मग काकू म्हणाल्या, “दृष्ट काढली न्हवती वाटतं.”

इथून पुढचे पंधरा दिवस आमच्या दारात जी गर्दी झाली तेवढी अण्णांच्या दवाखान्यातही कधी झाली नसेल. आजारी माणसाला बघायला आलेला प्रत्येक जण एक औषध सांगून जातो. बंद पडलेल्या गाडीला दोन सांगतो. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माणूस गाडीचं निदान करत नाही, स्वतःचंच करतो.

दाजी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, “मेव्हणं, इंजेक्टर बघायला पायजेत.” पेट्रोलच्या या गाडीला इंजेक्टर नसतात, कार्ब्युरेटर असतो, हे भाच्यानं सांगितल्यावर ते म्हणाले, “मग प्लग बघा.” तीस वर्षं त्यांनी डिझेलची इंजिनं खोललेली. डिझेलला प्लगची ठिणगी लागत नाही. नुसत्या दाबानं तापलेल्या हवेत ते आपोआप पेटतं. म्हणजे दाजींचा आणि प्लगचा परिचय माझ्याइतकाच. पण तीस वर्षांच्या नोकरीचा आवाज वेगळाच असतो. मी गडहिंग्लजहून नवे चार प्लग आणले. दुकानदार अजूनही ‘मायको’च म्हणतो, कंपनीचं नाव २००८ सालीच बॉश झालं, हे त्याच्या मागच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

नवे प्लग घातले आणि गाडी अशी चालू झाली की दाजींनी मिशीवर ताव दिला. दोन चकरा झाल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा ठसका. प्लग काढले तर काळेठिक्कर. पुन्हा नवे. पुन्हा तीन दिवस. दुकानदार मला नावानं ओळखू लागला.

भाच्यानं मोबाइलवर पाहून सांगितलं की दोष पॉइंटचा आहे, ते जुनं सगळं काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. गल्लीच्या टोकाशी नवं गॅरेज काढलेला मुलगा हातात यंत्र घेऊन आला, डॅशबोर्डखाली वाकला, बराच वेळ चाचपडला आणि म्हणाला, “काका, ह्याची वायर कुठं जोडायची?” जोडायला जागाच नव्हती. ही गाडी आपल्या दुखण्याबद्दल यंत्राशी बोलत नाही. यंत्र पिशवीत घालून तो गेला, पण जाताना “पेट्रोल” एवढा एकच शब्द उच्चारून गेला आणि त्या शब्दानं दारात आग लागली.

कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल येतं उसापासून. आमच्या दारात जमलेल्यांपैकी निम्म्यांचा ऊस कारखान्याला जातो. भाचा म्हणाला, इथेनॉलनंच प्लग खराब झाले. त्यावर पलीकडचे ऊसवाले मामा उभेच राहिले. “आमच्या उसाला नावं ठेवायचं काम न्हाई! वर्सभर राबायचं आमी आन् बिघडली तुमची गाडी तर उसाचा दोष?” मग उसाचा दर, कारखान्याची थकलेली बिलं, मागची निवडणूक, अशी चर्चा रात्री नऊपर्यंत झाली. चहा चार वेळा झाला. गाडीचं बॉनेट उघडंच होतं आणि तिच्यात मांजर झोपलं होतं.

शेवटी मीच कंबर कसली. शेवटी डॉक्टरचा मुलगा मी. प्लगपर्यंत वीज येते की नाही हे बघायचं म्हणून एक प्लग काढून वायरीसकट इंजिनाच्या लोखंडाला टेकवून हातात धरला आणि भाच्याला म्हटलं, मार स्टार्टर. वीज येत होती. बॅटरी बारा व्होल्टचीच असते, पण कॉईल त्याचे वीसेक हजार करते, हे मी पुस्तकात वाचलं ते त्यानंतर, पलंगावर पडल्यापडल्या. दुसऱ्या दिवशी वायरी पुसाव्या म्हणून डिस्ट्रिब्युटरवरच्या चारही एकदम काढल्या, स्वच्छ केल्या आणि मला शोभेल अशा क्रमानं परत लावल्या. इंजिनाचा स्वतःचा क्रम एक-तीन-चार-दोन असा असतो. माझा बँकेतला, एक-दोन-तीन-चार. स्टार्टर मारल्यावर जो बार झाला त्यानं समोरच्या कौलावरची कबुतरं उडाली, काकूंच्या हातातलं दूध सांडलं, आणि गल्लीत कुणाची वरात आली म्हणून दोन पोरं धावत आली.

ओसरीवर आई शेंगा फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “ते असला आवाज कधी काढत नव्हते.”

हे मात्र मला लागलं. हात काळे, खांदा दुखतोय, आणि समोर वडिलांची गाडी. चाळीस वर्षं त्यांनी ती अमावस्येच्या रात्री, पावसात, बाळंतिणीच्या दारापर्यंत नेली आणि परत आणली. मी ती भर उन्हात गावच्या वेशीबाहेर काढू शकत नव्हतो. बेळगावच्या माणसाचा फोन आला होता, गुरुवारी येतो म्हणून. त्या रात्री मी ठरवलं की येऊ दे. न्यायची तर ट्रकवर घालून ने म्हणावं.

बुधवारी हिनंच आठवण करून दिली, की गडहिंग्लजचे म्हातारे मिस्त्री अण्णांच्या बाराव्याला आले होते. त्यांचं गॅरेज बंद होऊन सात-आठ वर्षं झाली. डोळ्यांना कमी दिसतं. मी फोन केला. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेबांची गाडी न्हवं? सकाळच्या येष्टीनं येतो. कुणालाबी हात लावू दिऊ नका. तुमीबी लावू नका.”

गुरुवारी ते आले. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी. गाडी चालू करा म्हणाले नाहीत. आधी चहा घेतला, आईची विचारपूस केली, मग प्लग काढायला सांगितले आणि वर्तमानपत्रावर क्रमानं मांडून घेतले. त्याच ओट्यावर. एकेक प्लग डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, टोकावरून अंगठा फिरवला, बोट नाकाशी नेलं.

“कितवा सेट ह्यो?”

“चौथा.”

“दुकानदाराचं प्वार शिकंल आता फॉरेनला.” मग बोट मला दाखवलं. “बघा, कोरडी काजळी. चिकाट न्हाई. त्येल चढलं असतं तर वलं, चकाकतं. मग रिंगा गेल्या म्हणायचं. पांढरा पडला तर हवा जास्ती, पेट्रोल कमी. बिस्किटावानी तांबूस झाला की बेस. आन् चारीच्या चारी सारखं काळं हायती. मालक, घरातलं एक प्वार आजारी पडलं तर पोराला बघावं. चारीबी एकदम पडली तर पोरास्नी बघू नये, सैपाकघर बघावं.”

उसाचा विषय निघणार म्हणून मामा कुंपणापाशी येऊन उभे होतेच. मिस्त्रींनी त्यांचीही सुटका केली. इथेनॉलमध्ये आपला प्राणवायू असतो, त्यानं मिश्रण उलट पातळ होतं. दोष त्याचा असता तर प्लग पांढरट पडले असते, काळे नव्हेत. जुन्या रबरी नळ्यांना ते खातं, तेवढं बघत जा म्हणाले. मामांनी विजयी मुद्रेनं भाच्याकडे पाहिलं आणि संध्याकाळी काकवीची किटली पाठवली.

तोवर मिस्त्री मला प्लगची गोष्ट सांगत होते. ती माझ्या भाषेत अशी. प्लगच्या टोकाशी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट असते, त्या फटीवरून विजेनं उडी मारली की ठिणगी पडते. पण काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. चिनीमातीवर काजळीचा थर बसला की विजेला आडवाट मिळते. उडी मारायचे कष्ट घेण्यापेक्षा ती त्या पायवाटेनं मुकाट्यानं लोखंडात उतरते. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आता ही काजळी प्लग स्वतःच जाळूनही टाकतो, पण त्यासाठी त्याचं टोक पाचशेएक अंशापर्यंत तापावं लागतं, आणि ते तापतं रस्त्यावर, चांगली दहा-वीस किलोमीटर गाडी पळाल्यावर.

“आन् तुमी रोज काय करतासा?”

मी माझ्या पाच मिनिटांबद्दल सांगितलं. जरा अभिमानानंच. मिस्त्रींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. “म्हंजे रोज सकाळी तिला चुलीपुढं बसवून धूर पाजायचा आन् झोपवायचं. वर्षभर?”

“वर्षभर.”

पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नव्हतं. नवे प्लग तीन दिवसांत काळे होतात ते का? एअर फिल्टर काढून उन्हात धरला. त्यात धूळ होती, पण श्वास कोंडेल एवढी नव्हती. मग साफ केलेले प्लग घालून, वायरी एक-तीन-चार-दोन लावून त्यांनी गाडी चालू करायला सांगितली. मी चोक ओढला, गाडी लागली, गरम होऊ दिली, चोकची मूठ पार आत ढकलली. इंजिन जड आवाजात घरघरत राहिलं. मिस्त्रींनी डोळे मिटले. मग त्याच मिटल्या डोळ्यांनी उजवा हात इंजिनात घातला, कार्ब्युरेटरच्या बाजूला काहीतरी चाचपलं आणि तर्जनीनं एक छोटी पट्टी मागे दाबली. टक.

आवाज पालटला. घरघर गेली आणि जुनी ओळखीची सळसळ आली. दवाखान्यातून अण्णा परत आले की फाटकाशी ऐकू यायची ती. माझ्या पोटात एकदम काहीतरी हललं.

मूठ आत जात होती. तारेचं दुसरं टोक जात नव्हतं. गंजलेली केबल मधेच अडकायची आणि चोक अर्धा उघडाच राहायचा. म्हणजे गाडी चढाला लागली तरी तिला थंडीतल्या सकाळचं जेवण चालू. कॉईल नाही, पॉइंट नाही, ऊस नाही, दृष्ट नाही.

ओसरीवरून आई म्हणाली, “हेच की! हे तर ते रोज करायचे.”

सगळे तिच्याकडे वळले.

“रोज. चालू करायचे, खाली उतरायचे, बॉनेट उघडून आत बोट घालायचे, मग निघायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, मूठ नाव सांगते ते ऐकायचं नसतं, नाडी आपण बघायची असते.”

“अगं पण आई, मग पंधरा दिवस तू बोलली का नाहीस?”

“मला कुणी विचारलं?”

खरंच होतं. दाजींना विचारलं, भाच्याला विचारलं, गॅरेजवाल्या मुलाला, मोबाइलला, उसाच्या मामांना विचारलं. त्या गाडीच्या डाव्या बाजूला चाळीस वर्षं बसलेल्या एकुलत्या एक माणसाला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि आमची काकडआरती! मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते पिशवीत पाने भरण्यात एकदम गढून गेले.

नेमका त्याच वेळी बेळगावचा माणूस आला. चालू गाडी पाहून आकडा त्यानं आपणहून पाच हजारांनी वाढवला. मी काही बोलायच्या आत आईनं त्याला विचारलं, “तुम्हाला येतं का ते बोटानं?” त्याला अर्थ लागला नाही. तो माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला चहा दिला.

मिस्त्रींना घरी सोडायचंच होतं, म्हणून त्याच दुपारी गडहिंग्लजला गेलो. आई डावीकडे, मिस्त्री मागे. ज्या चढावर सातांचं घोडं अडलं होतं तिथं मी श्वास रोखून धरला. गाडीनं रोखला नाही. आई खिडकीवर कोपर टेकवून कुठल्या गावातल्या कुठल्या बाईची कितवी खेप अण्णांनी सोडवली ते सांगत होती. त्यातलं निम्मं मला प्रथमच कळत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवा मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करू, मग तपासणीला दोन-तीनदा यावं लागेल. म्हणजे दोन-तीनदा गाडी लागणारच. मी बेळगावला तसं कळवलं. त्याचा अजून अधूनमधून फोन येतो.

चोकची नवी केबल मी त्याच दिवशी घेतली, दोनशे वीस रुपयांना. मिस्त्री म्हणाले, अर्ध्या तासाचं काम, आत्ताच बसवतो. आई गाडीत बसून आमच्याकडे बघत होती. मी म्हटलं, राहू द्या मिस्त्री, उशीर होतोय, पुढच्या वेळी बघू.

ती डॅशबोर्डच्या खणात पडून आहे. आईचं ऑपरेशन झालं, डावा डोळाही झाला. आता तिला लांबचं स्वच्छ दिसतं. गाडी सुरू करून मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, की काचेतून तिचं बारीक लक्ष असतं. परत येऊन बसलो की विचारते, “घातलंस बोट?”

“घातलं.”

“मग पूस आधी रुमालाला. स्टेअरिंग काळं करशील.”